नामा, पिस्टन आले रे

नामा, पहिली गोष्ट ही की मोटर सुरू झाली. कोणत्या इंजनावर झाली ते मागाहून सांगते, नाहीतर तू आत्ताच उठून जाशील आणि पुढचं काही ऐकणार नाहीस. ही तुझी खोड लहानपणापासूनची. भाजी कोणती हे आधी कळलं की तू ताटावरून उठायचास, म्हणून आई तुला वाढेपर्यंत भांड्यावरचं झाकण काढत नसे. मीही काढत नाही. बस गुमान.

दुसरी गोष्ट, मी हे पुस्तकी लिहितेय म्हणून तोंड वाकडं करू नकोस. नर्सिंगची परीक्षा देऊन नागपूरहून आले तेव्हापासून तू चिडवत आलास, "ताई, तू तं आता रेडिओवानी बोलून राह्यली." लिहायला बसलं की असंच येतं, त्याला मी काय करू? राग आला की आपलं आपोआप येईल. आणि राग येणारच आहे. भांडण अर्ध्यावर टाकून कोणी असं निघून जातं का रे? निदान माझं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचंस.

आपल्या पिंपळगाव राजात मोटर म्हटलं की आपलीच. खामगावच्या एका जिनिंगवाल्या शेटजीनं नवी गाडी घेतली आणि जुनी काळी विलायती काढायची ठरवली, तेव्हा आपण बहीणभावांनी मिळून ती घेतली. तुझी वांगी-मिरची आणि माझा नर्सबाईचा पगार. तुला ती वरातींसाठी पाहिजे होती, कारण आसपासच्या नवरदेवांना घोड्यावरून पडायची भीती. मला पाहिजे होती अडलेल्या बायांना खामगावच्या दवाखान्यात न्यायला, कारण एस.टी. येते सकाळी नि संध्याकाळी, आणि पोटातलं लेकरू टाइमटेबल पाहून येत नाही. घेतली त्याच दिवशी तू वाटणी केलीस, "ताई, पुढची बाजू माही, मागची तुही." पुढं तू हाकणार, मागं माझी बाळंतीण. मला ते बरोबर वाटलं. तुझ्या डोक्यात काय शिजत होतं ते मला तेव्हा कुठं माहीत!

गाडी आपल्याकडं आली तेव्हाच म्हातारी होती. चढ आला की खोकायची, मागून निळा धूर सोडायची, आणि पेट्रोलच्या बरोबरीनं ऑइल प्यायची. शेवटी खामगावच्या करीम मिस्त्रीनं बोनेट उघडलं, कान लावला, तोंडातलं पान एका गालात सारलं आणि निकाल दिला, "इंजन थक गया है, भाऊ. या तो खोलके नया करो, या तो बदल डालो." एवढं बोलून तो हात पुसायला गेला आणि आपल्या घरात दोन पक्ष पडले.

तू म्हणालास, खोलायचं, आतून घासून बोर करायचं, नवे पिस्टन घालायचे, पण इंजन हेच. मी म्हटलं, कशाला तो खटाटोप? करीमभाईकडं लष्कराच्या लिलावातलं इंजन पडलंय, अजून खोक्यातून काढलेलं नाही, ते बसव. तू दोन्ही कानांवर हात ठेवलेस.

"बाप्पा! घोड्याच्या अंगात हेल्याचं काळीज बसवू काय व ताई?"

"हेला तं हेला, रेडा तं रेडा. चालते तं सही!"

"मले सांग, इंजन पुढं असते का मागं?"

"पुढं."

"मंग पुढची बाजू कोणाची?"

वाटणीतली मेख मला तेव्हा कळली. पण मीही तुझीच बहीण. मी विचारलं, "पेट्रोलची टाकी कोठी असते रे नामा?" टाकी मागं होती. कौसल्या, तुझी बायको, चुलीपाशी पदरात तोंड घालून हसत होती. तिला त्या दिवशी आपण विचारलं नाही की तुझं काय मत आहे. पुढंही कधी विचारलं नाही.

करीम मिस्त्रीची मोठी पंचाईत झाली. तू एकटा गेलास की तो म्हणे, "भाऊ, आपकी बात सोला आने सच." मी गेले की म्हणे, "बाई, आपकी बात सोला आने सच." आणि आपण दोघं बरोबर गेलो की तो मागच्या दारानं चहा प्यायला जाई, आणि आपण परतेपर्यंत त्याचा चहा संपत नसे.

मग देवीच्या लसीकरणासाठी माझी रवानगी वरवट बकालला झाली. परतले तर मोटरीचं बोनेट उघडं आणि आत काही नाही. बसून भांडी घासावीत एवढी मोकळी जागा. इंजन गोठ्यात ओंडक्यांवर, त्यावर पोतं. मी डोक्याला हात लावला. तू मात्र लग्न जमवून आल्यासारखा खूश.

"माप मुंबईले धाडलं ताई. थे लोकं पिस्टन तयार करून पाठोतीन."

"कधी?"

"निघाले."

ते पिस्टन काही आले नाहीत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, विचारलं की "निघाले". शेवटी तो शब्द गावाचा झाला. नवरीकडचे उशीर करून राह्यले? पिस्टन निघाले. मास्तरांच्या बदलीचा हुकूम? पिस्टन निघाले. माझ्या दवाखान्यात औषधाची पेटी आली नाही की कंपाउंडर मला माझ्या तोंडावर तेच ऐकवायचा. गोठ्यातल्या पोत्यावर आपली खुडूक कोंबडी जी बसली ती उठेना. दसऱ्याला तू दोन हार आणलेस, एक मोटरीला आणि एक इंजनाला, आणि कोंबडी मध्ये होती म्हणून तिच्याही पाठीवर हळदकुंकू पडलं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, इंजन नाही तर मोटर उभी राहील. पण तू वराती आधीच बोलून बसला होतास! तू बंपरला दांडी नि जू बांधलंस, भुऱ्या-मोऱ्याची जोडी जुंपलीस, पुढची काच वर उचलून कासरा आत घेतलास. एका हातात कासरा, एका हातात स्टिअरिंग, आणि तो रबरी भोंगा दाबायला कोपर. मागं नवरदेव फेटा सावरत बसलेला. बैलांना तू शिकवलंस, भोंगा एकदा वाजला की चालायचं, दोनदा वाजला की थांबायचं. एक गोळी सकाळी आणि दोन संध्याकाळी, हे मी लोकांना वर्षानुवर्षं शिकवते आहे, अजून जमत नाही. तुझे बैल पाचव्या-सहाव्या दिवशी तयार झाले.

पहिल्या वरातीला लोक पोट धरधरून हसले. आणि मग काय नवल, मागणी वाढली! धूर नाही, खडखडाट नाही, बँड नीट ऐकू येतो, नवरदेव पांढराशुभ्र उतरतो. पोळ्याला तू बैलांच्या मागं मोटरही तोरणाखाली उभी केलीस. म्हाताऱ्यांनी हरकत घेतली तर म्हणालास, "हे बी बैलावरच चालते न? मंग?" मोटरीला बेगड लावलेली मी त्या दिवशी पाहिली आणि मला वाटलं, हा माणूस आता इंजन कधीच बसवणार नाही. याला त्याची गरजच उरली नाही.

माझी गरज मात्र होती. त्या माळावरच्या वस्तीची बाई आठव. तिला घेऊन आपण खामगावला निघालो, तुझे बैल आपल्या चालीनं. निम्म्या वाटेवर तिचं पोट असं दुखायला लागलं की पुढं जायची सोय राहिली नाही. मागच्या सीटवर मी नि ती, पुढून तू मान न वळवता ओरडतोस, "ताई, थांबू का चालू?"

"थांब!"

घाबरून तू भोंगा तीनदा दाबलास. तीनदाचं बैलांना शिकवलेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि उजवीकडं वळून कोणाच्या तरी ज्वारीत शिरले. तिथं पोट्टं जन्माला आलं. चांगलं रडलं, माय सुखरूप. त्याला लोक मोटरराव म्हणतात, आणि तो दिसला की तू मिशीवर हात फिरवायचास, जसं काही बाळंतपण तूच केलं. परत येताना सगळा रस्ता आपलं एकच चाललं होतं.

"इंजन असतं तं हादरे बसले असते. बैलामुळे झालं सुखरूप."

"इंजन असतं तं दवाखान्यात झालं असतं, लोकाच्या ज्वारीत नाही!"

"झालं न चांगलं?"

"या खेपेले झालं!"

हे मी किती वेळा म्हटलं असेल तुला, नामा. या खेपेले झालं. तू हसण्यावारी न्यायचास. मला हसू यायचं नाही, कारण ज्यांचं झालं नाही अशा बाया माझ्या हातावर गेल्या आहेत. त्यांची नावं मी तुला कधी सांगितली नाहीत. सांगायला पाहिजे होती का, असं आता वाटतं. पण तुझ्यापुढं रडायचं म्हणजे वादात हरल्यासारखं.

आणि आणखी एक कधी बोलले नाही, ते इथं बोलून टाकते. माझा नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, पोरीला बसू द्या कोपऱ्यात, दळेल कांडेल, दोन घास खाईल. तू माझ्यापेक्षा लहान, तुला धड मिशी नव्हती. तूच घरात सगळ्यांशी कडाकडा भांडलास आणि मला नागपूरच्या गाडीत बसवायला आलास. मी रडत होते. तू खिडकीत तोंड घालून म्हणालास, "जाय. चांगलं बोलणं शिकून ये. मले भांडायले कोणी पाहिजे का नाही?" आज जी काही मी आहे ती त्या भांडणामुळं. तुझे उपकार मानले असते तर तू चिडला असतास, म्हणून मी जन्मभर तुझ्याशी भांडून ते फेडत राहिले. तुला ते कळत होतं, असं मी धरून चालते.

मग सुशी आली. तुझी एकुलती एक लेक, बुलढाण्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी. मी तिचं पोट तपासलं आणि हात तिथंच थांबला. लेकरू आडवं होतं. मी दोनदा पाहिलं, मग पुन्हा दोन दिवसांनी पाहिलं. बाहेर येऊन तुला सांगितलं, "नामा, फिरलं तं फिरलं. नाही फिरलं तं खामगावच्या दवाखान्याशिवाय गती नाही, आणि वेळेवर पोचल्याशिवाय तं नाहीच." तुझा चेहरा उतरला. तू खूप वेळ विडीच पेटवत होतास. मला वाटलं, आता म्हणतो, बसव तुझं इंजन.

"पिस्टन निघाले ताई. या खेपेले खरंच निघाले."

मग मात्र माझा तोल गेला. "तुह्या नातवाले सांगू काय, पिस्टन येईलोक थांब म्हून? पोरीचा जीव मोठा का तुहं इंजन मोठं?" तू उठून उभा राहिलास. "मी जित्ता हाव तोवर या मोटरीत दुसरं इंजन बसणार नाही. सांगून ठेवतो." मी म्हटलं, "राह्यलं मंग. मी तिले एस.टी.च्या टपावर बांधून नेतो." असं बोलून आपण दोघं दोन दिशांना गेलो. संध्याकाळी तू माझ्या दारात वांग्यांची टोपली ठेवून गेलास. भांडण झालं की टोपली यायची, ही आपली रीत. वांगी पाहून मला कळायचं भांडण किती मोठं झालं. या वेळची टोपली दोन्ही हातांनी उचलावी लागली.

ती वांगी संपायच्या आत तू गेलास. वाफ्यात पाणी धरताना बसलास आणि बसूनच राहिलास. मला बोलावणं आलं, मी धावत आले, मनगट धरलं. एवढ्या लोकांच्या नाड्या पाहिल्या या हातानं, तुझी सापडेना तेव्हा मला वाटलं मीच चुकीच्या जागी बोट ठेवतेय. दुसरा हात धरला. मग मान. कौसल्या म्हणाली, "ताई, पुरे." मी म्हटलं, थांब, आत्ता लागेल. पाणी वाफ्याबाहेर वाहून चाललं होतं, ते वळवायचं कोणाला सुचलं नाही. मी जित्ता हाव तोवर म्हणालास न? असं जिंकायचं नव्हतं रे मले. असं नव्हतं जिंकायचं.

लोक भेटायला आले. बसले, डोळे पुसले, "लय भला माणूस होता" म्हणाले, आणि मग थोडं पुढं सरकून हळूच, "मंग आता इंजनाचं काय?" एकही जण हे विचारल्याशिवाय उठून गेला असेल तर शपथ. ओसरीवर जुनंवाले एका बाजूला आणि नवंवाले एका बाजूला बसायला लागले. कोणीतरी म्हणालं, नामाभाऊच्या बैलांनी चारा सोडला. साफ खोटं. भुऱ्या-मोऱ्या नेहमीसारखे चापून खात होते, वर मोटरीची गादीही कुरतडली.

दहाव्याला नदीवर गेलो. बाया जात नाहीत म्हणाले, मी गेले, कौसल्याही आली. तुला मुलगा नाही, म्हणून चुलत पुतण्यानं पिंड ठेवला. समोर लिंबावर कावळा बसलेला, आणि तो काही केल्या खाली येईना. उन्हं चढली. भटजींनी सांगितलं, काही इच्छा राहिली असेल, कोणी शब्द द्या, म्हणजे शिवेल. झालं! जुनंवाले लगेच उभे राहिले, "नामाभाऊ, जुनंच इंजन करू!" कावळ्यानं पाठ फिरवली. त्याबरोबर नवंवाल्यांना जोर आला, "नवं बसवू, नामाभाऊ!" कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला. मग दोन्ही बाजूंनी जो गलका उठला, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही एवढा नव्हता. मग सगळे माझ्याकडं वळले. "नर्सबाई, एकदा म्हणून टाका, जुनंच करू. म्हणायले काय जाते?"

मला म्हणवेना. म्हणायला काही जात नाही हे खरं, पण तुला खोटा शब्द द्यायचा? भांडले तुझ्याशी आयुष्यभर, थापा नाही मारल्या. तेवढ्यात कौसल्या पुढं आली. जिला आपण कधी विचारलं नाही ती. पदर घट्ट केला आणि वर पाहून रोज तुला हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली, "अहो, सुशीले वेळेवर खामगावले नेऊ. सुखरूप घेऊन येऊ. ऐकलं का?"

कावळा खाली आला आणि त्यानं चोच लावली. मी नर्स आहे, मला माहीत आहे त्याला भूक लागली असेल. पण मी तिथं वाळूतच बसले.

घरी आलो तर ओट्यावर लाकडी खोका. खामगाव स्टेशनवरून रेल्वेचं पार्सल, कोणीतरी एस.टी.नं आणून टाकलेलं. वर तुझं नाव. उघडलं. तेलकट कागदात गुंडाळलेले, नवे कोरे, चकचकीत. नामा, पिस्टन आले रे. तू खरंच बोलत होतास. खरंच निघाले होते. मी तिथं ओट्यावर बसून इतकी हसले की कौसल्येला वाटलं मला काहीतरी झालं, आणि मग मी रडले तेव्हा तिला बरं वाटलं.

आता दोन्ही इंजनं शक्य झाली. मी करीम मिस्त्रीला बोलावलं आणि म्हटलं, या खेपेस सोळा आणे सच नको, सरळ सांगा. तो म्हणाला, "बाई, भाऊका इंजन बनेगा. अच्छा बनेगा. लेकिन बोर करना, बैठाना, फिर नये पिस्टनको धीरे धीरे चलाके रमाना. बिटियाको इतना टाइम है क्या?" नव्हता. लेकरू फिरलेलं नव्हतं आणि दिवस भरत आले होते. कौसल्या दारात उभी होती. मी या वेळी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले माही पोरगी पाहिजे. इंजन कोणतंही बसवा."

तर आता झाकण काढते. नवं बसवलं. तू गेलास म्हणून माझं मत बदलेल एवढी काही मी भली नाही. जागा करायला करीमनं तुझ्या गाडीचं थोडं पोलाद कापलं. तेव्हा मी तिथं थांबले नाही.

निघायच्या दिवशी मागं सुशी उशीला टेकून, शेजारी कौसल्या, स्टिअरिंगवर करीम, आणि मी पहिल्यांदाच पुढं, तुझ्या अर्ध्यात. इंजन एका हँडलला सुरू झालं. लेकरं आडवी आली म्हणून करीमनं भोंगा दाबला. एकदा.

गोठ्यात खुंटा उपटल्याचा आवाज आला. भुऱ्या-मोऱ्या दावं ओढत बाहेर. ते मोटरीकडं धावत आलेले पाहून करीमनं घाबरून दोनदा दाबला. दोघंही जागच्या जागी थांबले. बरोबर बंपरसमोर, एक डावीकडं, एक उजवीकडं, मध्ये दांडीपुरती जागा सोडून, माना खाली. करीम बिचारा त्यांना हटवायला पों-पों, पों-पों करत राहिला, आणि तो जितका वाजवी तितके ते गुणी विद्यार्थ्यासारखे घट्ट उभे. "बाई, ये हटते नहीं!" मी उतरले. भुऱ्याच्या मानेवर हात ठेवला. "अरे, तो नाही आता," म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान आणखी खाली केली. जू ठेवायला.

मागून सुशी म्हणाली, "आत्या, जुंपा न. बाबा असते तं जुंपलेच असते."

"बेटी, इंजन चालू है!" करीम म्हणाला.

"राहू द्या चालू," मी म्हटलं.

कौसल्येनं उतरून दांडी नि जू आणलं. गाठी तिनंच मारल्या, पक्क्या. मी पुढची काच वर केली, कासरा आत घेतला, भोंगा एकदा दाबला. इंजन आपलं जागेवर गुरगुरत होतं आणि मोटर बैलांवर चालली होती. सगळं गाव दारात. नवंवाल्यांना कळेना हसावं की काय करावं, जुनंवाल्यांचंही तेच. शिवेच्या दगडापाशी, जिथं तू विडी पेटवायला थांबायचास, तिथं बैल आपले आपण थांबले. भोंगा मी वाजवलाच नव्हता. कौसल्येनं त्यांना सोडून तुझ्याच बांधावर बांधलं, चारापाणी पुतण्यावर सोपवलं. तिथवर तू आणलंस. तिथून पुढं माझं इंजन. चढावर खोकलं नाही. आवाज पिठाच्या गिरणीसारखा आहे, हे तुला सांगणार नव्हते, पण सांगते.

हे मी खामगावला दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. लेकरू शेवटपर्यंत आडवंच राहिलं, तुझ्यावर गेलेलं. डॉक्टरीणबाईंना पोट उघडावं लागलं. आम्ही वेळेवर पोचलो होतो म्हणून झालं. ज्वारीत हे झालं नसतं, नामा. एवढं एकदा कबूल कर. मुलगी आहे. सुशी बरी आहे, आत झोपली आहे, आणि ही पोट्टी असा आवाज लावते की नर्सा तिला बदलून बदलून घेतात.

तुझे पिस्टन कौसल्येनं देवघरात ठेवलेत. जुनं इंजन विकलेलं नाही. करीमनं विचारलं काय करू, मी म्हटलं, राहू द्या, वाद चालू आहे. भांडायला कोणी नाही म्हणून मी तुझी वाक्यंही आता मीच बोलते, आणि खरं सांगू, कधी कधी तूच जिंकतोस.

दोन-चार दिवसांत सुशीला सोडतील. परत येताना मी शिवेच्या दगडापाशी मोटर थांबवीन आणि इंजन बंद करीन. मग भोंगा दाबीन, एकदाच. बांधावरून ते येतील. तिथून घरापर्यंत तुझ्या नातीला तू ने.